खेळपट्टीवरचे गोल डाग

१

त्या रविवारी सकाळी मी आधीपासूनच चिडलेली होते, हे सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी उगाच राईचा पर्वत केला.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून क्लबात सामने नसतात, पण कामं असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. नेट शिवून घ्यायचं ते कप्तानानं. स्टंप घासून रंगवायचे ते माझ्या धाकट्या भावानं, कारण तो आमचा अंपायर. पॅड, ग्लोव्ह्ज आणि स्कोअरबुकं माझ्याकडे, कारण मी स्कोअरर. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे क्लबातली निम्मी माणसं अजून मला बघितलं की हात मागे बांधतात. आणि मैदान माळीदादांकडे, गेली बावीस वर्षं.

उंदीर लागू नयेत म्हणून माळीदादा पॅडची एकेक जोडी गोणपाटाच्या पोत्यात घालून ठेवतात. त्या सकाळी चार जोड्या उघड्या पडल्या होत्या. त्यांची पोती कुणीतरी हीटरच्या मागे कोंबली होती, ओली होऊन पुन्हा वाळल्यामुळे ती पापडासारखी कडक झाली होती आणि प्रत्येकाला सुतळी गुंडाळलेली होती. कुठल्या शहाण्याचे हे उद्योग, ते शोधून त्याचा कान धरायचा, असं मी मनाशी ठरवलं. तेवढ्यात बाहेरून कप्तानाची आरोळी आली.

"बाई! बाहेर या! खेळपट्टी मेली!"

मी धावले. अडुसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं धावले.

मैदानाच्या मधोमध दोरी लावलेला भाग असतो, तिथे पाय ठेवायची आम्हा कुणाला हिवाळाभर परवानगी नसते. त्या भागातली मुख्य खेळपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपकिरी पडली होती. आजूबाजूचं गवत हिरवं, आणि मधे हा करपलेला पट्टा. हंगामाला नऊ आठवडे उरले होते.

"तणनाशक ओतलंय कुणीतरी," कप्तान म्हणाला. त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

सेक्रेटरी गाडीतून उतरून आला. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे आणि क्लबात त्याच्या शब्दाला वजन आहे, निदान त्याला तसं वाटतं. तो दोरीपाशी थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "कुणीही आत जायचं नाही. हा पुरावा आहे."

मग सगळे वळून माळीदादांकडे बघू लागले. कारण आदल्या संध्याकाळी, भरल्या बैठकीत, माळीदादांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "मला काढाल तर या खेळपट्टीवर तुम्ही खेळूनच दाखवा!"

"आज संध्याकाळी सहाला बैठक," सेक्रेटरी म्हणाला. "निकाल लागेलच. तुम्ही आपलं सामान बांधायला घ्या."

माळीदादा वळून घराकडे चालू लागले. पॅव्हेलियनच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत, क्लबाच्याच. तिथे खिडकीत त्यांची बायको उभी होती. तिच्या एका डोळ्याला अजून पट्टी होती.

२

मी सरळ त्या खोल्यांत गेले. बोलावणं आलं नव्हतं, पण मला कुठे जायला बोलावणं लागत नाही.

वहिनी पलंगावर बसून हातांनी चाचपत भांडी पेटीत भरत होत्या. एक डोळा झाकलेला आणि दुसऱ्यानं रडत होत्या. "बाई, डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या, "पण आता जायचं कुठे?"

"आधी भांडी बाहेर काढा," मी म्हटलं. "सहा वाजेपर्यंत कुणी कुठे जात नाही." मग माळीदादांकडे वळले. "तुम्ही ओतलंत का काही? मला एकदाच विचारायचंय."

"बाई, त्या गवताला मी पोरासारखं वाढवलंय."

"हे उत्तर झालं नाही. हो की नाही?"

"नाही."

"ठीक. आता आठवडा सांगा. वारानं."

त्यांनी सांगितलं. मंगळवारी पहाटे दोघं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. बुधवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी रात्री परत आली. शनिवारी दिवसभर धुकं होतं आणि जमीन गोठलेली होती, म्हणून माळीदादा स्वतःच्याच नियमाप्रमाणे दोरीच्या आत गेले नाहीत. तो नियम पॅव्हेलियनच्या दाराशी पाटीवर लिहिलेला आहे: 'गवतावर दव गोठलेलं असताना बूट घालून आत पाऊल टाकू नये.' बारा वर्षं ती पाटी तिथे आहे.

"शनिवारी दुपारी खिडकीतून मला रंग जरा मळकट वाटला होता," ते म्हणाले. "म्हटलं, धुक्यामुळे असेल."

"शनिवारी दुपारी? म्हणजे भांडणाच्या आधी?"

"हो."

"हे सेक्रेटरीला सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, आता काहीही सांगाल."

"आणि आज जवळ जाऊन बघितलंत?"

"जाऊ कुठे देतायत? म्हणाले, पुरावा पुसायला चाललात."

"हिवाळ्यात तुम्ही खेळपट्टीवर काय काय करता?"

"काही नाही. तेच तर अवघड असतं, बाई. थंडीनं माती फुगते, खेळपट्टी उंचसखल होते, लोकांचे हात शिवशिवतात. पण थंडी गेल्याशिवाय रोलर काढायचा नाही. मी तर तो ताडपत्रीत बांधून ठेवतो, म्हणजे कुणाला मोह नको."

मी वहीत सगळं लिहून घेतलं. स्कोअररला मत नसतं, दिसलं आणि ऐकलं ते लिहायचं. पण बाहेर पडताना वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्यावर भरवसा आहे हं." मला वाटलं, झालं, आता या वहीत चूक करायची सोय राहिली नाही.

दाराबाहेर कप्तान उभा होता. त्याच्या हातात रिकामा डबा होता. "माळ्याच्या शेडमध्ये सापडला," तो म्हणाला. डब्यावर लाल अक्षरात लिहिलेलं होतं: तणनाशक.

३

कप्तानाचं दुकान रविवारी बंद असतं, पण मी त्याला शटर उघडायला लावलं.

"बाई, मी कशाला काय करू?" तो सारखा म्हणत होता.

"मी अजून काही म्हटलेलं नाही. खाई त्याला खवखवे."

खरं म्हणजे त्याच्यावर संशय घ्यायला भरपूर जागा होती. शनिवारच्या बैठकीत मैदानाचं काम एका कंपनीला द्यायचा विषय निघाला होता, आणि ती कंपनी कप्तानाच्या मेहुण्याची. माळीदादा गेले की मेहुणा आला. शिवाय विष म्हणून पहिली बोंब यानंच ठोकली होती.

"हा डबा बघ," मी म्हटलं. "झाकणावर बोटभर धूळ. आत कोळ्याचं जाळं, कोळ्यासकट. काल रात्री ओतलं असेल तर या कोळ्यानं फारच घाई केली म्हणायची."

कप्तानानं डब्यात डोकावून बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. हा आठवीत असतानाही खोटं पकडलं गेलं की याचे कान लाल व्हायचे. पण आता तो खोटं बोलत होता की नुसता लाजला होता, ते मला कळेना.

"तुझ्या दुकानात हेच मिळतं ना? नवा डबा काढ. मागचं लेबल वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. किती पाण्यात किती, हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा. मग तो अडखळला.

"वाच की."

"'परिणाम दिसण्यास दहा ते पंधरा दिवस. थंड हवामानात अधिक.'" तो माझ्याकडे बघायला लागला. "बाई, म्हणजे काल रात्री ओतलेलं आज सकाळी दिसणारच नाही."

"बापाचं दुकान चालवतोस आणि लेबल आज वाचतोस?"

"मला वाटलं... तपकिरी दिसलं म्हणून बोललो."

"उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझ्या त्या एका शब्दावर एका माणसाचं घर जातंय."

तो खरोखर खजील झाला. निघताना त्यानं एक गोष्ट सांगितली. "बाई, पण मला सेक्रेटरीसाहेबांचं नवल वाटलं. शनिवारी ते मला म्हणाले, मैदानाच्या कामात अवघड ते काय, रोलरच्या चार फेऱ्या मारल्या की झालं. त्यांनी जन्मात कधी रोलरला हात लावलाय का?"

हे मी लिहून घेतलं, आणि त्या वाक्याखाली रेघ मारली.

४

दुपारी एक वाजता उन्हानं दव वितळल्यावर मी दोरी उचलून आत गेले. सेक्रेटरी व्हरांड्यातून ओरडला, "बाई, पुरावा!" मी म्हटलं, "मला अडवणारा अजून जन्माला यायचाय," आणि गुडघ्यांवर बसले.

जवळून पट्टा वेगळाच दिसत होता. कुणी डबा घेऊन काही ओतलं असतं तर कडा वेड्यावाकड्या आल्या असत्या. इथे दोन्ही कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. आतही सरळ उभ्या गडद रेघा, ठरावीक अंतरावर, जणू रुंद पट्ट्या थोड्या एकमेकांवर चढवल्या होत्या. मी टेपनं त्यातल्या एका पट्टीची रुंदी मोजली. शहाण्णव सेंटिमीटर.

मी एक गवताचा झुबका उपटला. पाती करपलेली, पण खाली बुंधा हिरवा आणि मुळं पांढरीशुभ्र. तो रुमालात बांधून घेतला.

मग खेळपट्टीच्या टोकापलीकडे मला ते डाग दिसले. ताटाएवढे, गोल, तपकिरी. सकाळी सगळे म्हणाले होते की विषाचे थेंब सांडलेत. पण थेंब रांगेत सांडत नाहीत. इथे दोन रांगा होत्या, हातभर अंतरावर, शेजारी-शेजारी. दुसऱ्या टोकालाही तसंच. मी डागाडागांतलं अंतर मोजलं. बरोबर एका पावलाएवढं.

ही पावलं होती. दोन माणसांची. पण असली बिनआकाराची, ताटाएवढी पावलं कुणाची असतात?

मी साइटस्क्रीनच्या पांढऱ्या पडद्यामागे गेले. तिथे रोलर होता. ताडपत्री बांधलेली होती, पण तिची गाठ बुटाच्या लेसला मारतात तशी फुलासारखी होती. माळीदादा असली गाठ मारतील तर मी नाव बदलीन. ताडपत्री सोडली. लोखंडाला वाळलेल्या गवताची पाती चिकटलेली होती. रुंदी मोजली. शहाण्णव सेंटिमीटर.

तीनशे किलोचा रोलर एकट्यानं हलत नाही. दोघं लागतात.

आणि मग मला हीटरमागची पोती आठवली. चार पोती, चार सुतळ्या. दोन माणसांचे चार पाय. कुणीतरी बुटांवर पोती बांधून खेळपट्टीवर गेलं होतं. गोठलेलं गवत बुटांनी चिरडू नये म्हणून त्यांनी एवढी काळजी घेतली होती, आणि मग त्याच गवतावरून तीनशे किलोचा रोलर फिरवला होता!

मी मोठ्यानं हसले. मैदानात एकटीच. मग परत डागांपाशी गेले, पुन्हा एकदा नीट बघायला, आणि माझं हसू पळालं. डाव्या रांगेतला प्रत्येक दुसरा डाग, म्हणजे उजवं पाऊल, रांगेतून बाहेरच्या बाजूला सरकलेलं होतं. दर वेळी. दोन्ही टोकांना.

ते मी वहीत लिहिलं नाही.

५

घरी धाकटा खिडकीजवळ पेपर वाचत होता. घरात मलमाचा वास होता. बुधवारपासून तो खांद्यांना मलम चोळतोय आणि मी बुधवारपासून त्या वासावरून कटकट करतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

धाकटा पोस्टात होता. तीस वर्षं अंपायरिंग करतोय. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो पाय बाहेर टाकून चालतो. माणूस असा की आपल्याच कप्तानाला शून्यावर बाद दिलं तर त्या रात्री शांत झोपेल. गावात लोक म्हणतात, धाकट्यानं बोट वर केलं म्हणजे संपलं. मला त्याचा फार अभिमान आहे. म्हणजे, आहे म्हणायचं की होता, ते मला त्या दुपारी ठरवता येईना.

"जेवलास?" मी विचारलं.

"हो. तुझं झाकून ठेवलंय."

मी जेवायला बसले. "बुधवारी क्लबात गेला होतास ना तू?"

"दर बुधवारी जातो. स्टंप."

"एक नियम विचारायचाय तुला. माळीदादांची पाटी. तिचा अर्थ काय लावायचा?"

त्यानं पेपर खाली केला नाही. "नियमाचा अर्थ लावायचा नसतो, ताई. जसा लिहिलाय तसा वाचायचा."

"बूट घालून पाऊल टाकू नये."

"तसंच."

"मग पायाला पोतं बांधलं तर?"

पेपर जरासुद्धा हलला नाही. पेपर वाचणाऱ्या माणसाचा पेपर हलतो, पान उलटतं. हा तसाच राहिला.

मी पुढे विचारायला हवं होतं. दिवसभर मी सगळ्यांना सगळं विचारत फिरले होते. पण तिथे माझी जीभ उचलेना. मला वाटलं, तो आपणहून सांगेल. अजून चार तास आहेत, सांगेल.

"बैठकीला येतोयस ना?" एवढंच विचारलं.

"येतोय," तो म्हणाला.

६

सहाला पॅव्हेलियनच्या खोलीत चौदा माणसं होती. माळीदादा दारापाशी उभे, बसायला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी त्यांच्या मागे. धाकटा शेवटच्या रांगेत.

सेक्रेटरीनं ठराव वाचायला कागद उचलला. मी म्हटलं, "थांब. आधी मी."

मी माळीदादांना पुढे बोलावलं आणि रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी झुबका उचलला, नखानं बुंधा खरवडला, मुळं जिभेला लावून बघितली.

"हे विष नाही," ते हळूच म्हणाले. "विषानं मूळ जातं. हे वरून चिरडलंय. गोठलेलं असताना." मग त्यांचा आवाज फुटला. "बाई, हे जिवंत आहे!"

"चिरडून किती दिवस झाले?"

"असं करपायला चार दिवस लागतात."

"म्हणजे बुधवार. बुधवारी तुम्ही हॉस्पिटलात होतात. तिथे नोंद आहे." मी खोलीकडे वळले. "गोठलेल्या गवतावर बुधवारी सकाळी रोलर फिरला. करपलेल्या एकेका पट्टीची रुंदी आणि रोलरची रुंदी एकच आहे, मी मोजली. रोलरला गवत चिकटलंय, ते बघून या. आता प्रश्न असा की हिवाळ्यात रोलर कुणाला हवा होता?"

मी शनिवारच्या बैठकीची वही उघडली. मीच लिहिली होती. "गुरुवारी लीगचे निरीक्षक मैदान बघून गेले. त्यांचं पत्र शनिवारी सेक्रेटरीनं इथे वाचून दाखवलं, माळीदादांना आत बोलावण्याआधी. 'खेळपट्टी आत्तापासूनच रोलर फिरवून सपाट केलेली पाहून समाधान वाटले.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की माळीदादा मंगळवारपासून इथे नाहीत, तर रोलर फिरवला कुणी? आणि निरीक्षक गुरुवारी येणार हे फक्त एकाला माहीत होतं. तसं कळवणारं पत्र त्याच्या दुकानात आलं होतं."

सेक्रेटरी पांढराफटक पडला. पण तो इतक्यात हार मानणारा नव्हता.

"बाई, हे सगळं अंदाज झाले," तो म्हणाला. "तो रोलर एकट्यानं ओढता येत नाही, हे लहान पोराला माहीत आहे. मी केलं म्हणता, तर दुसरा कोण? नाव सांगा."

तो माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याला माहीत होतं. तो पैज लावून उभा होता की बाई हे नाव घेणार नाहीत.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा सामान बांधायला घ्यायचं की नाही, ते माझ्या तोंडातून पुढचा शब्द निघण्यावर होतं. मी सेक्रेटरीवरची नजर काढली नाही.

"माझा भाऊ," मी म्हटलं.

मागे खुर्ची वाजली. सगळ्यांनी वळून बघितलं. मी वळले तेव्हा धाकटा उभा होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी होतो. पाटीवर बुटांचं लिहिलंय, रोलरचं नाही, असं मला वाटलं. पोत्यांची कल्पना माझी." त्याचा आवाज स्वच्छ होता, निर्णय देताना असतो तसा. "सकाळी डाग बघितल्यावर मला कळलं. मी बोललो नाही."

सेक्रेटरी खाली बसला. "जमीन उंचसखल दिसत होती, बाई," तो म्हणाला. तो पुन्हा माझ्या वर्गात बसल्यासारखा दिसत होता. "निरीक्षकांनी सामने दिले नसते. मला वाटलं, चार फेऱ्या... आणि मग सगळेच विष म्हणायला लागले. मी गप्प बसलो."

"तू गप्प बसला नाहीस. गप्प बसला असतास तर मी समजून घेतलं असतं. तू त्यांना सामान बांधायला सांगितलंस."

ठरावाचा कागद कप्तानानं उचलला, चार तुकडे केले आणि माळीदादांसमोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

माळीदादांचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते धाकट्याकडे बघत होते. "पोती बांधलीत पायांना?" ते म्हणाले. "आणि वरून रोलर?" त्यांना हसू फुटलं, ते आवरेना, आणि मग ते वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाले, "पाच आठवडे कुणी आत पाय ठेवू नका. येईल ते परत."

७

घरी जाताना आम्ही दोघं चालत निघालो. सात वाजले होते, रस्त्यावर दुकानं उघडी होती, लोक दोघांनाही नमस्कार करत होते. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

कोपऱ्यावर आल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, मी उठतच होतो."

मी चालत राहिले.

"तू नाव घेतलंस, त्याच्या आधी. त्यानं दुसरा कोण विचारलं ना, तेव्हाच मी खुर्ची मागे सारली."

"बरं," मी म्हटलं.

"तुझा विश्वास नाही."

"आहे रे," मी म्हटलं. आणि मला रडू आलं, कारण मला माहीत नव्हतं. खुर्ची वाजली ती माझ्या शब्दाच्या आधी की नंतर, हे मला आठवेना. मी दुसऱ्याच माणसाकडे बघत होते. एक क्षण थांबले असते, फक्त एक क्षण, तर कळलं असतं.

आता दोन महिने झाले. खेळपट्टी हिरवी झालीय, वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघालीय, सेक्रेटरीच्या जागी दुसरा आलाय. धाकट्यानं अंपायरिंग सोडतो म्हटलं होतं, माळीदादांनीच सोडू दिलं नाही. रोज सकाळी तो माझ्यासाठी चहा करतो, आम्ही समोरासमोर बसतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो.

त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज बारा माणसं होती. त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला उठताना बघितलं असेलच. एकाला विचारलं की झालं, एक मिनिटाचं काम. पण मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.